इंडियाना फुटबॉल २०२४: नवा प्रशिक्षक, अकरा विजय, आणि श्रेय नेमके कशाचे?

मन्रो_काठ (२२ डिसेंबर २०२४)

शुक्रवारी रात्री साउथ बेंडमध्ये नोटर डेमने इंडियानाला २७-१७ असे हरवले आणि आमच्या विद्यापीठाचा मोसम संपला. ११ विजय, २ पराभव. तेव्हापासून जे जे वाचतोय त्यात एकच सूर आहे: वेळापत्रक सोपे होते, खरी परीक्षा आली आणि उघडे पडले, प्लेऑफमध्ये (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या फेरीत) यांची जागाच नव्हती. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहितो, कारण इथे बऱ्याच जणांची मुले अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकतात आणि दर शनिवारी गाव बंद करून ही मंडळी काय बघतात, असा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोनच ओळी. हा अमेरिकन फुटबॉल. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. नाही जमले तर चेंडू समोरच्या संघाकडे. म्हणून चौथ्या प्रयत्नाला जोखीम नको असेल तर चेंडू लाथ मारून लांब धाडतात, तो पंट. बाकी ओघात येईल.

आमचे विद्यापीठ आहे ते ब्लूमिंग्टन, हे बास्केटबॉलचे गाव. फुटबॉलचे मेमोरियल स्टेडियम बास्केटबॉलच्या असेंब्ली हॉलच्या शेजारीच आहे, पण वर्षानुवर्षे विद्यार्थी बाहेरच्या पार्किंगमध्ये शनिवार साजरा करायचे आणि सामना न बघताच घरी जायचे. त्यांना दोष तरी कसा देणार? सर्वोच्च विभागात सर्वाधिक पराभवांचा विक्रम २०२४ मध्ये आमच्याच नावावर होता, सातशेहून जास्त. मोसमाच्या शेवटी होणारा बोल सामना जिंकून १९९१ पासून तीन दशके उलटली होती. आणि एका मोसमात दहा विजय? कधीच नाही. १९४५ आणि १९६७ या दोन सोन्याच्या वर्षांतही नऊवरच गाडी थांबली होती.

आधीचे प्रशिक्षक टॉम अॅलन यांनी २०२० मध्ये आशा दाखवली, पण पुढची तीन वर्षे २-१०, ४-८, ३-९ अशी गेली. करार मुदतीआधी संपवण्यासाठी त्यांना १ कोटी ५५ लाख डॉलर द्यायचे ठरले आणि नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस जेम्स मॅडिसन विद्यापीठातून कर्ट सिग्नेटी आले. वय ६२. पत्रकारांनी विचारले की इथे खेळायला यायला तुम्ही मुलांना कसे राजी करता, तर म्हणाले, "आय विन. गुगल मी." मी जिंकतो, गुगल करून बघा. त्या वाक्याचे टीशर्ट निघाले. पण गुगल केल्यावर जे सापडते ते त्या वाक्याहून जास्त महत्त्वाचे आहे.

वडील फ्रँक सिग्नेटी स्वतः नामवंत कॉलेज प्रशिक्षक. कर्ट २००७ ते २०१० अलाबामा विद्यापीठात नामांकित प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली होते, खेळाडू हेरण्याचे काम बघत होते. तिथून कोणीही मोठ्या ठिकाणाची वाट बघितली असती. हे गृहस्थ २०११ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका कॉलेजात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले, जिथे वडिलांनीही प्रशिक्षण दिले होते. मग इलॉन, मग जेम्स मॅडिसन. इंडियानाला येईपर्यंत मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा हिशोब होता ११९ विजय, ३५ पराभव. एकही मोसम तोट्यात नाही. सगळे लहान गावांत, टीव्हीच्या झगमगाटापासून लांब.

आता माझा मुद्दा. सिग्नेटी एकटे आले नाहीत. बचावाचे समन्वयक ब्रायंट हेन्स, आक्रमणाचे माइक शॅनहन, व्यायाम घेणारे डेरेक ओइंग्ज, सगळे जेम्स मॅडिसनहून सोबत आले. आणि तिथले तेरा खेळाडूही आले. मिकेल कमारा, एडन फिशर, डीअँजेलो पॉन्ड्स, एलाइजा सॅरट, जेम्स कार्पेंटर, जेलिन वॉकर. शाळेत असताना यांच्यापैकी कोणाच्या मागे मोठी विद्यापीठे लागली नव्हती. पॉन्ड्सची उंची पाच फूट नऊ इंच, म्हणून त्याला कोणी विचारले नाही. सॅरट आधी सेंट फ्रान्सिस नावाच्या छोट्या कॉलेजात, मग जेम्स मॅडिसन, मग इथे. या मोसमात त्याने झेललेल्या पासेसचे ९५७ यार्ड झाले. सिग्नेटी कायम सांगतात की मुलगा पुढे काय होऊ शकेल यापेक्षा त्याने मैदानावर आजवर काय केले आहे ते मी बघतो.

म्हणजे पहिल्या सरावाच्या दिवशी निम्म्या बचाव फळीला प्रशिक्षकाची भाषा पाठ होती. कोणता इशारा म्हणजे काय, चूक झाली की ओरडा कुठे पडणार, सुट्टी कशाबद्दल मिळणार. उरलेल्यांनी, त्यात इंडियानाचे जुने खेळाडूही आले, त्यांच्याकडे बघून शिकायचे. नवा प्रशिक्षक आल्यावर पहिली दोन वर्षे ओळख होण्यात जातात, ती इथे वाचली.

मोसम सुरू होण्याआधी पत्रकारांनी बिग टेन या आमच्या विद्यापीठांच्या परिषदेतल्या १८ संघांत आम्हाला १७ वे ठेवले होते. (हो, नाव बिग टेन आणि संघ अठरा.) पहिले सामने सोपे होते हे खरे. पण लॉस एंजेलिसजवळच्या रोझ बोल मैदानावर यूसीएलएला ४२-१३, नेब्रास्काला ५६-७? नेब्रास्काच्या दिवशी स्टेडियम गच्च होते आणि सामना संपेपर्यंत लोक हलले नाहीत. त्याच सामन्यात क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, कर्टिस रूर्कच्या अंगठ्याला दुखापत झाली. पुढच्या आठवड्यात टीव्हीवरचा गेमडे कार्यक्रम ब्लूमिंग्टनला आला, आणि त्यातले ली कोर्सो हे १९७३ ते ८२ इथलेच प्रशिक्षक होते. त्या दिवशी बदली क्वार्टरबॅक टेव्हन जॅक्सनने वॉशिंग्टनला ३१-१७ हरवले.

मिशिगन स्टेटचा सामना मी पुन्हा पुन्हा बघतो. पहिल्या क्वार्टरअखेर आम्ही ०-१० मागे. गेली कित्येक वर्षे इथून पुढे काय व्हायचे ते आम्हाला पाठ आहे. पण बाजूला उभ्या सिग्नेटींच्या चेहऱ्यावर रेघही हलली नाही, आणि मग सलग ४७ गुण. ४७-१०. नंतर मिशिगन. गतविजेते असले तरी यंदा उतरलेले, पण मिशिगनच. २०-१५. दहावा विजय. शंभराहून जास्त वर्षांत कोणी न पाहिलेला. त्या संध्याकाळी ब्लूमिंग्टनच्या किर्कवुड अव्हेन्यूवर वयस्क माणसे रडताना मी पाहिली.

ओहायो स्टेटने आम्हाला ३८-१५ असे साफ हरवले, यात वाद नाही. पण पहिले टचडाऊन (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेणे, त्याचे सहा गुण) आमचे होते. मध्यांतराआधी आमच्या पंट मारणाऱ्याच्या हातून चेंडू निसटला आणि त्यांना सात यार्डांवरून सुरुवात मिळाली. मध्यांतरानंतर त्यांच्या केलेब डाऊन्सने पंट झेलून ७९ यार्ड धावत टचडाऊन केले. बाकी वेळ आमच्या पुढच्या फळीला त्यांचा रेटा झेपला नाही, रूर्क पाचदा चेंडूसकट पाडला गेला. त्यानंतर पर्ड्यूला ६६-०. मग नोटर डेम. तिथे त्यांच्या गोलरेषेजवळ रूर्कचा पास पकडला गेला आणि पुढच्याच चालीत त्यांचा जेरेमाया लव्ह ९८ यार्ड धावला. सामन्याचे पारडे तिथेच झुकले.

तर माझे म्हणणे: हा मोसम सोप्या वेळापत्रकाचा नव्हे, तेरा वर्षे छोट्या गावांत घडवलेल्या पद्धतीचा आहे.

शेवंती (२२ डिसेंबर २०२४)

लेख आवडला. खेळातले फारसे कळत नाही, मुलगा तिकडे शिकतो म्हणून वाचते. एक प्रश्न. कॉलेजची मुले अशी तेरा-तेरा एकदम दुसऱ्या कॉलेजात कशी जातात? त्यांचे शिक्षण? आणि क्वार्टरबॅक सहाव्या वर्षाला आहे असे मुलगा म्हणाला. चार वर्षांची पदवी ना?

मन्रो_काठ (२२ डिसेंबर २०२४)

शेवंतीताई, अगदी मोक्याचा प्रश्न. पूर्वी कॉलेज बदलले की एक वर्ष सामने न खेळता बसून राहावे लागायचे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आले, म्हणजे नाव नोंदवायचे आणि इतर प्रशिक्षक तुमच्याशी बोलू शकतात. २०२१ पासून एकदा बदलल्यास बसायची अट गेली, आणि यंदा एप्रिलमध्ये कितीही वेळा बदलायला मुभा मिळाली, फक्त अभ्यासात पात्र असायला हवे. क्रेडिट्स हलवता येतात; अनेक जण तोपर्यंत पदवीधर होऊन पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतात. शिवाय २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवायची परवानगी आहे.

मूळ नियम पाच वर्षांत चार मोसम खेळण्याचा होता; सहाव्या वर्षाचे कारण कोविड. २०२० चा मोसम कोणाच्याच हिशोबात धरला नाही, त्यामुळे त्या वेळच्या सगळ्यांना एक वर्ष वाढवून मिळाले. बावीस-तेवीस वर्षांचा गडी आणि अठराचा पोरगा यांच्या ताकदीत किती फरक असतो, ते मुलांच्या आईला मी काय सांगणार. सिग्नेटींनी मुद्दाम असे वयाने मोठे गडी निवडले. हे दार काही वर्षांत बंद होईल.

संत्रानगरी (२३ डिसेंबर २०२४)

वाचताना सतत आमचा विदर्भ आठवत होता. २०१७-१८ ला चंद्रकांत पंडित आले आणि पहिल्याच वर्षी रणजी करंडक. त्याआधी अंतिम फेरीसुद्धा कधी गाठली नव्हती. इंदूरला दिल्लीविरुद्ध गुरबानीची हॅटट्रिक, नऊ गडी राखून विजय. पुढच्या वर्षी पुन्हा करंडक. तेव्हाही लोक म्हणाले, नशीब.

पण एक फरक आहे आणि तो तुमच्या मुद्द्याच्या विरुद्ध जातो. पंडितांनी मुंबईहून स्वतःची माणसे आणली नव्हती. वसीम जाफर त्यांच्या आधीपासून विदर्भाकडे होता. कर्णधार फैज फझल नागपूरचा. उमेश, गुरबानी, वाडकर, सरवटे सगळे तिथलेच. म्हणजे माणसे तीच ठेवून शिस्त बदलली तरी निकाल बदलतो. मग इंडियानाचे श्रेय "ओळखीच्या तेरा जणांना" देणे म्हणजे प्रशिक्षकाला कमी लेखणे नाही का?

लाफायेतकर (२३ डिसेंबर २०२४)

पर्ड्यूचा माजी विद्यार्थी. लिहू की नको असे झाले होते, पण लिहितो.

६६-० मी पूर्ण बघितला. आमचा मोसम १-११, बिग टेनमध्ये एकही विजय नाही, दुसऱ्याच दिवशी रायन वॉल्टर्सना काढले. त्यांचे हे दुसरेच वर्ष. पहिल्या वर्षी, म्हणजे २०२३ ला, आम्ही याच इंडियानाला ३५-३१ हरवले होते आणि आमच्याकडे सगळे म्हणत होते की यांच्या हाती भविष्य सुरक्षित आहे. पोर्टलमधून खेळाडू आम्हीही आणले. म्हणून "पोर्टलमुळे झाले" हे जितके चूक, तितकेच "नव्या प्रशिक्षकाने केले" हेही अपुरे आहे. कोणाला आणायचे हे ओळखणे, हीच कला. तिथे मन्रो_काठ यांच्याशी सहमत.

वेळापत्रकाबद्दल मात्र असहमत. तुम्ही हरवलेल्या संघांपैकी मोसमाअखेर देशाच्या क्रमवारीत पहिल्या पंचविसात कोण आहे? कोणी नाही. अलाबामाला ९-३ वर बाहेर बसवून तुम्हाला घेतले, तर अलाबामाच्या लोकांना चीड येणारच. आणि साउथ बेंडला चौथ्या क्वार्टरमध्ये १७ गुणांनी मागे असताना सिग्नेटींनी पंट मारला. वर्षभर निडर म्हणून ज्यांचे कौतुक झाले त्यांनी तिथे हात आखडला. मला ते बघवले नाही, आणि मी तुमचा समर्थक नाही.

मन्रो_काठ (२३ डिसेंबर २०२४)

संत्रानगरी, विदर्भाचे उदाहरण चपखल आहे, धन्यवाद. कमी लेखतोय असे नाही. रणजीत तीच मुले वर्षानुवर्षे एका संघाकडे राहतात, प्रशिक्षकाला त्यांच्यावर काम करायला वेळ मिळतो. इथे दर हिवाळ्यात अर्धा संघ विस्कटतो. अशा जागी शिस्त रुजवायची तर ती आधीच अंगात मुरलेली चार माणसे लागतात. दह्याला विरजण लागते तसे. पद्धत प्रशिक्षकाचीच, या तेरा जणांनी ती लवकर पसरवली.

लाफायेतकर, तुमच्या जागी मी असतो तर लिहिले नसते. पंटबद्दल तुमचे बरोबर आहे, तो निर्णय मलाही खटकला. २०-३ असताना चेंडू परत देऊन काय मिळणार होते? आमची दोन टचडाऊन शेवटच्या दोन मिनिटांत आली, तोवर सगळे संपले होते.

वेळापत्रकाबद्दल एवढेच: ते विद्यापीठ ठरवत नाही, बिग टेनच्या लढती परिषद ठरवते. समोर आलेल्यांविरुद्ध आम्ही सामन्यामागे सरासरी ४१ गुण केले. नुसते जिंकणे आणि धुऊन काढणे यांत फरक धरायला हवा. अलाबामा व्हँडरबिल्टकडून हरली, ओक्लाहोमाकडून २४-३ ने हरली. बाहेर बसायचे कारण त्यांनी स्वतःच दिले.

शेवंती (२४ डिसेंबर २०२४)

आणि ज्या कॉलेजातून तेरा मुले आणि सगळे गुरुजन निघून गेले, त्यांचे काय झाले? त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

मन्रो_काठ (२४ डिसेंबर २०२४)

ताई, हा प्रश्न मलाही बोचतो. जेम्स मॅडिसनने होली क्रॉसहून बॉब चेस्नी यांना आणले. त्यांनी सप्टेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलायनाला ७०-५० हरवले आणि मोसम ९-४ असा संपवला, बोल सामनाही जिंकला. म्हणजे ते उभे राहिले. पण जेम्स मॅडिसनच्या गावच्या, व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गच्या लोकांनी ज्यांना वाढवले त्यांना टीव्हीवर दुसऱ्याच्या लाल जर्सीत बघितले, हे दुःख खरेच आहे. आमच्या आनंदातला काही वाटा त्यांचा आहे आणि तो आम्ही मान्य करायला हवा.

हिमगौरी (२५ जानेवारी २०२५)

धागा वर आणतेय कारण रूर्कची बातमी आली. तो आमच्या ओकव्हिलचा, टोरंटोच्या बाजूचा. थोरला भाऊ नेथन कॅनडाच्या व्यावसायिक लीगमध्ये क्वार्टरबॅक, त्यामुळे इथे हे आडनाव सगळ्यांना ठाऊक. आता कळतेय की ऑगस्टच्या सरावातच कर्टिसच्या गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध फाटला होता. तो आख्खा मोसम त्याच गुडघ्यावर खेळला. ३,०४२ यार्ड, २९ टचडाऊन, फक्त पाच पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात. शस्त्रक्रिया आत्ता झाली.

पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून सांगते. हा अस्थिबंध नसताना सरळ पळता येते, पण पाय रोवून वळताना गुडघा सरकण्याची भीती असते, आणि पास फेकताना नेमके पायच रोवायचे असतात. ओहायो स्टेटसमोर तो पाचदा पाडला गेला तेव्हा "पायात चपळाई नाही" असे लिहिणाऱ्यांनी आता ते पुन्हा वाचावे. तो त्या गुडघ्यावर उभा राहिला याचे मला कौतुकही वाटते आणि काळजीही. कॉलेजच्या खेळासाठी एवढी किंमत द्यावी का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

लाफायेतकर (२५ जानेवारी २०२५)

हे वाचून थांबलो. आणखी एक: सोमवारी ओहायो स्टेटने नोटर डेमला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतले. म्हणजे इंडियानाचे दोन्ही पराभव अंतिम फेरीतल्या दोन संघांकडून, दोन्ही त्यांच्या मैदानांवर. "जागाच नव्हती" म्हणणाऱ्यांत मी नव्हतो, पण जवळ होतो. आता नाही.

संत्रानगरी (२१ जानेवारी २०२६)

कोणी आहे का इथे? नागपुरात सकाळी लवकर उठून इंडियाना-मायामी अंतिम सामना बघितला. २७-२१. १६-०. राष्ट्रीय विजेते! या धाग्यामुळेच मी हा खेळ बघायला लागलो. तुमच्या नव्या क्वार्टरबॅकची, मेंडोझाची, ती चौथ्या प्रयत्नावरची धाव अजून डोळ्यांपुढून जात नाही. गेल्या वर्षी पंट मारणारा हाच प्रशिक्षक ना?

मन्रो_काठ (२१ जानेवारी २०२६)

हाच. मला अजून नीट लिहिता येत नाहीये, दोन दिवस घसा बसलाय.

पण २०२४ शिवाय हे झाले नसते, एवढे आत्ताच लिहून ठेवतो. फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाहून इथे आला, तोवर ब्लूमिंग्टनमध्ये जिंकता येते हे सगळ्या देशाला कळले होते. फिशर, कमारा, पॉन्ड्स, सॅरट दुसऱ्या वर्षासाठी थांबले. पोर्टल उघडे असताना, दुसरीकडून बोलावणी येत असताना थांबले. हेन्स आणि शॅनहनही थांबले. आता विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, तेव्हा पैशाचाही वाटा आहेच, पण पैसे बऱ्याच जणांकडे आहेत.

शेवंती (२२ जानेवारी २०२६)

अभिनंदन! मुलाने रात्री फोन करून आरडाओरडा केला. माझे लक्ष मात्र यंदाही दुसऱ्या कॉलेजाकडे होते. जेम्स मॅडिसन या वर्षी त्याच बारा संघांत होते ना?

मन्रो_काठ (२२ जानेवारी २०२६)

होय ताई, बारावे मानांकन. पहिल्या फेरीत ओरेगनकडून ५१-३४ असे हरले, पण ३४ गुण करून. त्याच ओरेगनला आम्ही उपांत्य फेरीत ५६-२२ हरवले. आणि चेस्नी त्यानंतर यूसीएलएला गेले. हॅरिसनबर्गला पुन्हा नवा प्रशिक्षक आला, आणि जुन्यासोबत किती मुले गेली ते बघायचे.